उन्हाळ्यात पाणी कोण घालणार? बागकामाचा लेखी करार वर्गात शिकवताना



मराठीच्या उपयोजित लेखनात रोपवाटिकेला मागणीपत्र लिहा, हा प्रश्न आपण सगळ्यांनीच कधी ना कधी दिलेला आहे. शाळेच्या आवारात वृक्षारोपण करायचं आहे, अमुक रोपं पाठवा, सवलत द्या, आपला नम्र, विद्यार्थी प्रतिनिधी. मुलं पत्र छान लिहितात. दिनांक, मायना, विषय सगळं जागच्या जागी असतं. पण पत्र गेलं, रोपं आली, पुढे काय? खड्डे कोण करणार, माती कोण आणणार, एप्रिल-मे महिन्यात पाणी कोण घालणार आणि दहा रोपं वाळली तर ती पुन्हा कोण लावणार? हे पत्रात येत नाही, करारात येतं. आणि करार लिहायला आपण मुलांना शिकवत नाही.

आज तोच विषय घेतला आहे. बाग, हिरवळ, अंगणातली फरशी, कुंपणालगतची झाडं हे सगळं ठेक्याने करून देणारा माणूस आणि जागेचा मालक, या दोघांमधला लेखी करार. आठवी ते दहावीच्या वर्गात दोन-तीन तासिकांत हा पाठ होतो. त्यात भाषा आहे, गणित आहे, नागरिकशास्त्र आहे आणि थोडं भूगोलही आहे.

बागकामच का निवडलं, असं कोणी विचारेल. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्हा, उमरखेड, कुठेही जा, गावाबाहेर नवे लेआउट पडलेले दिसतात. बंगल्यापुढे थोडी हिरवळ हवी असते. लग्नाची लॉन आहेत, पेट्रोल पंप आहेत, शाळा-महाविद्यालयांची आवारं आहेत. हे काम करणारी माणसं बहुतेक शेतीतून किंवा रोपवाटिकेतून आलेली. हाताला कसब आहे, दोन-चार मजूर सोबत आहेत, गाडी भाड्याची आहे. त्यांची मुलं आपल्याच वर्गात असतात आणि ज्यांच्या घरी बाग लागते त्यांचीही. काम फिसकटलं तर एका घरात वाळलेलं गवत उरतं आणि दुसऱ्या घरात मजुरांची थकलेली मजुरी. दोन्ही बाजूंचं ऐकून घेतलं तर दोघंही खरं बोलत असतात. फक्त जे ठरलं होतं ते दोघांच्या डोक्यात वेगवेगळं असतं.

तोंडी ठरवण्याची आपली सवय

आपल्या भागात जमिनीवरचं बरंच काम शब्दावर चालतं. गुढीपाडव्याला सालगडी ठरतो. वर्षाचे पैसे किती, धान्य किती, खाडे किती माफ, हे सगळं बोलून होतं. वावर बटईने किंवा ठोक्याने दिलं जातं, तेही बहुतेक वेळा कागदाशिवाय. याची किंमत काय पडते ते शेतकरी घरातल्या मुलांना माहीत असतं. तोंडी ठोक्याने शेती करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं. त्यामुळे बँकेचं पीककर्ज मागताना किंवा नुकसानभरपाईच्या यादीत नाव लावताना त्याच्या हातात दाखवायला काही नसतं. कसणारा एक, कागदावर दुसराच.

वर्गात इथूनच सुरुवात करावी. 'तुमच्या घरी कोणतं काम बोलून ठरतं?' एवढंच विचारा. फळा भरून जाईल.

मात्र तोंडी ठरलेलं म्हणजे बेकायदेशीर, असं मुलांच्या मनात बसू देऊ नका. पालकांमध्येही हा गैरसमज फार आहे. आपल्याकडे १८७२ चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम १० नुसार दोन सज्ञान, शुद्धीवर असलेल्या माणसांनी राजीखुशीने, कायदेशीर कामासाठी, काहीतरी मोबदला ठरवून केलेला ठराव हा करार असतो. कागद असलाच पाहिजे असं ते कलम म्हणत नाही. काही व्यवहारांना दुसरे कायदे लेखी कागद आणि नोंदणी सक्तीची करतात, पण बाग लावून देण्याचं काम त्यात येत नाही. कलम ७० तर याहून पुढे जातं. कोणी फुकट करण्याचा इरादा नसताना तुमच्यासाठी रीतसर काम केलं आणि त्याचा फायदा तुम्ही घेतला, तर त्याची भरपाई द्यावी लागते. म्हणजे 'कागद कुठाय, मग पैसे कशाचे?' हे वाक्य कायद्यापुढे टिकत नाही.

मग लिहायचं कशाला? कारण तोंडी करार कायद्याने चालतो, पण सिद्ध करणं अवघड जातं. आणि दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. बोलताना आपण अवघड प्रश्न टाळतो. 'होऊन जाईल', 'पाहून घेऊ', 'तुमच्यापेक्षा जास्त आहे का' अशी वाक्यं बोलता येतात. ती लिहायला बसलं की लिहिता येत नाहीत.

शंभर टन तेल

करार कायद्याचं कलम २९ मुलांना फार आवडतं, कारण त्यातलं उदाहरण सोपं आहे. एकाने दुसऱ्याला 'शंभर टन तेल' विकायचं कबूल केलं. कोणतं तेल? काहीच सांगितलेलं नाही. असा करार अनिश्चिततेमुळे रद्दबातल ठरतो. मात्र तो विकणारा फक्त खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल तर करार टिकतो, कारण तिथे अर्थ स्पष्ट आहे.

आता हे बागेवर लावू. 'समोरच्या जागेत चांगली बाग लावून देणे, ठोक ६० हजार.' हे आपलं शंभर टन तेलच झालं. समोरची जागा म्हणजे किती? बागेत काय काय? लावून देणे म्हणजे लावून निघून जाणे की जगवून देणे? फळ्यावर हे एकच वाक्य लिहा आणि वर्गाला त्यातून निघणारे प्रश्न काढायला सांगा. गावाकडची मुलं यात शहरातल्या मुलांच्या पुढे जातात, कारण खड्डा किती खोल आणि शेणखत किती पाट्या हे त्यांना पाहून माहीत असतं.

मोजमाप

इथे गणिताच्या शिक्षकांना बोलवा. समजा हिरवळीची जागा ४० फूट बाय २५ फूट आहे, म्हणजे १,००० चौरस फूट. त्यावर ६ इंच माती पसरायची तर ५०० घनफूट माती लागेल. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणून ५ ब्रास. हीच माती ४ इंच टाकली तर सव्वातीन ब्रासच्या थोडी वर बसते. दोन इंचांचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण पावणेदोन ब्रास मातीचे पैसे कमी-जास्त होतात. आणखी एक बारकावा आहे. ६ इंच म्हणजे माती टाकल्या-टाकल्या की पाणी मारून बसल्यावर? माती बसते. करारात 'पाणी मारून बसल्यानंतर सहा इंच' असं लिहिलं की वाद संपला.

माती कोणती, हेही लिहावं लागतं. आपली काळी भारी जमीन कापसाला चांगली, पण हिरवळीला आणि फरशीला त्रासदायक. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावर नुसत्या फरश्या किंवा पेव्हर ब्लॉक मांडले तर पहिल्या पावसाळ्यातच काही वर येतात, काही खाली जातात. म्हणून काळी माती काढून खाली मुरूम भरून दबाई करायची असते. हा खर्च डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मालक तो द्यायला नाखूश असतो आणि ठेकेदार तो वाचवायला पाहतो. करारात 'किती खोल खोदाई, किती जाडीचा मुरूम, किती थरांत दबाई' हे लिहिलं नाही, तर वर्षभराने डुगडुगणाऱ्या फरशीवर उभं राहून भांडण होतं. भूगोलात काळ्या मातीचे गुणधर्म शिकवताना ओलावा धरून ठेवते एवढं सांगून आपण पुढे जातो. तिथे हे उदाहरण दिलं तर मुलं विसरत नाहीत.

बाहेरून आणलेल्या मातीबरोबर लव्हाळा येतो. ज्यांनी शेत पाहिलंय त्यांना लव्हाळा म्हणजे काय ते सांगायला नको. वरून कितीही उपटा, खालची गाठ राहते आणि पुन्हा फुटते. महागाची हिरवळ लावली आणि दोन महिन्यांत लव्हाळा वर आला, तर चूक कोणाची? माती ठेकेदाराने आणली, निंदणी मालकाने करायची होती. म्हणून 'लावल्यापासून तीन महिने लव्हाळा आणि इतर तण ठेकेदार काढेल, पुढे मालक' असं एक वाक्य हवं. रोपांचंही तेच. 'मोठी रोपं' असं लिहू नये. जात, उंची फुटांत, पिशवीचा आकार आणि नग लिहावेत.

पाणी

माझ्या मते या सगळ्या करारात सगळ्यात महत्त्वाचं कलम पाण्याचं, आणि नेमकं तेच सुटतं.

कारण बागेचं काम ठरतं पावसाळ्याच्या तोंडावर. सगळीकडे हिरवंगार असतं, विहिरीला पाणी असतं, कोणाला मे महिना आठवत नाही. यवतमाळकरांना २०१८ चा उन्हाळा आठवत असेल. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता. शहराला पाणी देणारे निळोणा आणि चापडोह हे दोन्ही प्रकल्प आटले. बेंबळा धरणातून पाइपलाइनने पाणी आणायची योजना तेव्हा पूर्ण झालेली नव्हती. नळाला पाणी कधी येईल याची घरोघर वाट पाहिली जात होती आणि टँकरमागे रांगा लागत होत्या. अशा वेळी अंगणातल्या गवताला पाणी घालणं शक्य नव्हतं आणि ते शोभलंही नसतं.

आता हिशेब करू. १,००० चौरस फूट म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. दिवसाला ५ मिलिमीटर पाणी द्यायचं ठरवलं, तर दर चौरस मीटरला ५ लिटर, म्हणजे रोज ४६५ लिटर. पाच हजार लिटरचा टँकर अकरा दिवसही पुरत नाही. मे महिन्याच्या ३१ दिवसांत जवळपास तीन टँकर लागतात. आता कराराकडे वळा. 'देखभाल सहा महिने ठेकेदाराकडे' असं लिहिलं असेल, तर या तीन टँकरचे पैसे कोणी द्यायचे? ठेकेदार म्हणेल, देखभाल म्हणजे माझ्या माणसाचे हात, पाणी मालकाचं. मालक म्हणेल, देखभाल म्हणजे सगळं आलं. दोघांचं म्हणणं चुकीचं नाही. चुकलंय ते वाक्य.

'पाणी नव्हतं हो, माझा काय इलाज?' असं ठेकेदाराने म्हटलं तर? करार कायद्याचं कलम ५६ सांगतं की काम अशक्य झालं तर करार संपतो. पण न्यायालयं 'अशक्य' या शब्दाकडे काटेकोरपणे पाहतात. काम महाग पडलं, अवघड झालं, एवढ्यावर सुटका होत नाही. यावरचा गाजलेला निकालही जमिनीच्या कामातलाच आहे. १९४० मध्ये कोलकात्याजवळ एका कंपनीने प्लॉट पाडून विकायला काढले. रस्ते आणि नाल्या करून देऊ असं कबूल केलं. पुढे महायुद्धामुळे सरकारने ती जमीन तात्पुरती ताब्यात घेतली. कंपनी म्हणाली, आता काम करणं अशक्य, करार संपला. हे प्रकरण सत्यब्रत घोष विरुद्ध मुगनीराम बांगूर या नावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९५३ मध्ये निकाल लागला की करार संपलेला नाही. त्यामागचं एक मोठं कारण असं, की काम अमुक मुदतीत पूर्ण करायचं असं करारात लिहिलेलंच नव्हतं. मुदत नाही, मग उशिराने करार मोडला असं कसं म्हणायचं? मुलांना इथे थांबवून विचारा, मुदत लिहिली असती तर कोणाच्या फायद्याची ठरली असती? वर्गात दोन गट पडतात. पडू द्या.

तर पाण्याचं कलम असं काहीसं लिहावं: 'पाणी मालक देईल. पाणी घालण्याचं काम ३० जूनपर्यंत ठेकेदाराचा माणूस करेल. नळाचं किंवा बोअरचं पाणी सलग पाच दिवस मिळालं नाही तर मालक टँकर मागवेल किंवा हिरवळ सोडून फक्त झाडं जगवायची असं ठेकेदाराला लेखी कळवेल. तसं कळवल्यावर हिरवळ वाळली तर ठेकेदार जबाबदार नाही.' यात कोणी कोणावर मेहरबानी केलेली नाही. जे मे महिन्यात बोलावं लागणार होतं, ते जूनमध्येच बोलून घेतलं.

हे लिहायला बसलं की आणखी एक गोष्ट आपोआप घडते. टँकरचा आकडा समोर आल्यावर मालक हिरवळ निम्म्याने कमी करतो आणि त्याऐवजी करंज, कडुनिंब, बहावा, बोगनवेल, कण्हेर अशी पाणी कमी मागणारी झाडं निवडतो. (कण्हेर विषारी असते. शाळेच्या आवारात लहान मुलांच्या हाताशी ती नको.)

नांग्या आणि पैसे

कपाशीत उगवण झाली नाही तिथे आपण नांग्या भरतो. बागेतही तेच असतं. किती रोपं मेली तर ठेकेदाराने फुकट भरून द्यायची, कोणत्या तारखेला मोजायची, ढोरांनी खाल्लेली किंवा मुलांनी मोडलेली रोपं त्यात धरायची की नाही, हे लिहावं. 'मेलेली रोपं बदलून मिळतील' एवढं पुरत नाही. 'लावल्यापासून ९० व्या दिवशी दोघांनी मिळून मोजणी करायची' असं लिहिलं तर पुरतं.

पैशांच्या बाबतीत एक वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं: 'काम समाधानकारक झाल्यावर उरलेली रक्कम दिली जाईल.' समाधान कोणाचं? माणसाला पैसे द्यायचे नसले की त्याचं समाधान कधीच होत नाही. दुसऱ्या बाजूने, निम्म्याहून जास्त इसार घेऊन गायब होणारेही आहेतच. म्हणून हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधावेत. आपल्या ६० हजारांच्या उदाहरणात इसार १५ हजार, माती पसरून मोजून झाल्यावर २० हजार, लागवड झाल्यावर १५ हजार आणि ९० व्या दिवशीच्या मोजणीनंतर १० हजार. शेवटचा हप्ता लहान ठेवावा. छोट्या ठेकेदाराला मजुरी दर आठवड्याच्या बाजाराला द्यावी लागते, त्याचे पैसे मोठ्या रकमेत अडकवून ठेवणं बरोबर नाही. प्रत्येक हप्त्याची पावती घ्यावी आणि द्यावी. फोनवरून पैसे पाठवले तर कशाचे पाठवले ते संदेशात लिहावं.

काम सुरू झाल्यावर 'इथे एक कट्टा पण करून टाका ना' हे होतंच. ते वाढीव काम मूळ रकमेत धरायचं की वेगळं, याचा वाद ठरलेला. त्यावर उपाय सोपा आहे. कागदाच्या पाठीमागे तारीख, वाढीव काम, वाढीव रक्कम आणि दोघांच्या सह्या.

दोन गोष्टी थोडक्यात. जुनं झाड काढायचं असेल तर शहरात १९७५ च्या महाराष्ट्र वृक्ष संरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि शहराबाहेर सागासारखी झाडं तोडायलाही वेगळी परवानगी लागते. ती कोणी काढायची ते लिहावं. आणि कामावर चौदा वर्षांखालचं मूल लावायचं नाही, हेही लिहावं. बापासोबत कामावर गेलेला मुलगा सोमवारी वर्गात गैरहजर असतो, ते आपल्याला हजेरीपुस्तकात दिसतंच.

मोडलं तर

कराराचा भंग झाला तर कलम ७३ प्रमाणे भरपाई मिळते, पण ती भंगामुळे सरळ झालेल्या किंवा करार करतानाच दोघांना माहीत असलेल्या नुकसानीची. लांबच्या, ओढूनताणून जोडलेल्या नुकसानीची नाही. 'उशीर झाल्यास रोज हजार रुपये दंड' असं लिहिलं तरी ते सगळे मिळतीलच असं नाही. कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाई देतं आणि लिहिलेला आकडा ही तिची वरची मर्यादा असते. तेव्हा भीती दाखवायला मोठे आकडे लिहिण्यात अर्थ नाही.

घराच्या बागेसाठी ठेका दिलेला मालक हा ग्राहक असतो. त्याला यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. लग्नाच्या लॉनचा मालक मात्र धंद्यासाठी काम करून घेतो, तो सहसा यात बसत नाही. ठेकेदाराचे पैसे बुडाले तर त्याला हा दरवाजा नाही. त्याला दिवाणी न्यायालयात जावं लागतं, तेही तीन वर्षांच्या मुदतीत. हे मला विषम वाटतं, पण आहे ते असं आहे. त्याच्यासाठी एक जवळचा रस्ता म्हणजे तालुका विधी सेवा समिती. दावा दाखल करण्याआधीच प्रकरण लोकअदालतीत ठेवता येतं. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना वकीलही मोफत मिळू शकतो. पालकसभेत ही माहिती जरूर सांगा.

या सगळ्या ठिकाणी पहिला प्रश्न येतो तो कागदाचा. आणि एकदा अटी लेखी झाल्या की 'तोंडी वेगळंच ठरलं होतं' हे सहसा ऐकलं जात नाही. म्हणजे कागद दोन्ही बाजूंनी बांधतो, म्हणून सही करण्याआधी तो वाचायचा.

मुद्रांकाबद्दल नेहमी विचारलं जातं. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० आणि २०० रुपयांच्या मुद्रांकावर होणारे बरेचसे दस्त ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करावे लागतात. मुद्रांक नसला म्हणून करार खोटा ठरत नाही, पण योग्य शुल्क आणि दंड भरल्याशिवाय तो पुरावा म्हणून घेतला जात नाही. मोठं काम असेल तर मुद्रांकावरच करावा.

भाषा आणि उपक्रम

जुन्या दस्तांत 'लिहून देणार', 'लिहून घेणार', 'कारणे करारनामा लिहून देतो ऐसाजे' अशी भाषा असते. एखादा जुना कागद कोणाच्या घरी असेल तर वर्गात जरूर वाचा, ऐकायला मजा येते. पण आज करार लिहिताना ही भाषा वापरू नये. ज्याला पाळायचा आहे त्याला तो कळला पाहिजे. 'उभयपक्षी संमतीने', 'यथोचित', 'वेळोवेळी', 'आवश्यकतेनुसार' हे शब्द मुलांच्या मसुद्यात दिसले की लाल पेनाने गोल करा आणि समोर लिहा: किती? केव्हा? कोण?

उपक्रम असा घ्या. वर्गाचे दोन गट करा, एक मालक आणि एक ठेकेदार. शाळेच्या दारातली खरी जागा टेपने मोजू द्या. दोन्ही गट आपापला मसुदा लिहितील. मग मसुदे बदला. मालकाने ठेकेदाराचा वाचायचा आणि आपलं कुठे नुकसान होतं ते शोधायचं, ठेकेदारानेही तसंच. तिसऱ्या तासिकेला बसून दोघांचा मिळून एकच कागद करायचा. पहिल्या मसुद्यात मालक गट हमखास दंडाची कलमं लिहितो आणि ठेकेदार गट आगाऊ रकमेची. पाण्याचं कलम दोघंही विसरतात. तुम्ही सांगू नका. 'आज तारीख १५ मे, नळाला आठ दिवस पाणी नाही' एवढंच फळ्यावर लिहा.

शेवटी कागद मोठ्याने वाचून घ्या. ज्याला वाचता येत नाही असा माणूस समोर बसलाय असं धरून एका मुलाने तो सावकाश वाचायचा आणि ऐकणाऱ्याने प्रत्येक कलमानंतर आपल्या शब्दांत त्याचा अर्थ सांगायचा. अर्थ चुकला तर दोष वाचणाऱ्याचा नाही, ऐकणाऱ्याचाही नाही, वाक्य दुरुस्त करायचं. मग तारीख, ठिकाण, दोघांच्या सह्या किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार. उरलेल्या कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारायला लावा, म्हणजे नंतर तिथे कोणी काही घुसडणार नाही. प्रती दोन काढायच्या, आणि दुसरी प्रत मालकाच्या कपाटात नाही, ठेकेदाराच्या हातात द्यायची.